तार पंचायतीपर्यंत आली, घरापर्यंत कधी येणार?



पूर्वी जून महिना आला की पालक आम्हा शिक्षकांकडे पुस्तकांची आणि गणवेशाची चौकशी करायला येत. आता ते हातात फोन घेऊन येतात. "टीचर, अकरावीचा फॉर्म पुढे सरकतच नाही." "मॅडम, स्कॉलरशिपचा ओटीपी येत नाही." "आपा, लाडक्या बहिणीची केवायसी अडकली आहे, जरा बघता का?" सरावलीत आणि आसपासच्या गावांत शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा, ती हेच सांगेल.

यात पालकांची चूक नाही. कारभारच तसा झाला आहे. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश आधी मोठ्या महानगरांपुरता होता, २०२५ पासून तो साऱ्या महाराष्ट्राला लागू झाला. शिष्यवृत्तीचा अर्जही ऑनलाइनच भरावा लागतो. लाडकी बहीण योजनेच्या महिलांना सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी करायला सांगितले गेले. हजचा अर्ज ऑनलाइन. ६ जून २०२५ ला केंद्र सरकारने 'उम्मीद' पोर्टल सुरू केले आणि वक्फ मिळकतींची कागदपत्रे त्यावर चढवायला सहा महिन्यांची मुदत दिली. तेव्हा गावोगावचे मुतवल्ली, ज्यांनी आयुष्यभर वहीत हिशेब लिहिला, ते स्कॅनर आणि रेंज शोधत फिरताना आपण सर्वांनी पाहिले.

म्हणजे इंटरनेट आता केवळ करमणुकीची वस्तू राहिलेली नाही. रेशनकार्डासारखी ती घरातली गरज झाली आहे. रेशनकार्डासाठी आपण तहसील कार्यालयात चार फेऱ्या मारतो. नेट मात्र ज्याच्या खिशात पैसे असतील त्याने विकत घ्यावे, असे आपण धरून चालतो. ते तसे नाही. गावोगावी वेगवान इंटरनेट पोहोचवण्यासाठी सरकारने मोठा निधी ठेवला आहे आणि त्यात आपलाही पैसा आहे. या महिन्याच्या सदरात त्याचाच हिशेब मांडायचा आहे.

आपले गाव कागदावर कोणते?

आधी सरावलीचेच पाहू. बोईसरला लागून असलेले हे गाव. तारापूर औद्योगिक वसाहतीत काम करणारे हजारो कामगार सरावली, खैरा, पास्थळ या गावांतल्या चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. जुनी स्थानिक कुटुंबे आहेत, वारली पाडे आहेत, उत्तर प्रदेश आणि बिहारहून आलेले आपले भाऊ आहेत. २०११ च्या जनगणनेने सरावलीला 'जनगणना शहर' म्हटले. ज्या गावाची लोकसंख्या पाच हजारांच्या वर आहे, वस्ती दाट आहे आणि कमावत्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर काम करतात, त्याला जनगणनेत हे नाव मिळते. पण कारभार ग्रामपंचायतीचाच. लोकसंख्या शहराची आणि तिजोरी गावाची, अशी ही अवस्था आहे.

याचा परिणाम नेटवरही होतो. रस्त्यालगतच्या नव्या इमारतींत खासगी कंपन्यांची फायबर जोडणी मिळते. आतल्या चाळीत गेलात की कंपनीचा माणूस म्हणतो, "पाच-सहा घरे तयार होत असतील तर वायर ओढतो." घरमालक म्हणतो, "भिंतीला भोक पाडायचे नाही." भाडेकरूकडे पत्त्याचा पुरावा नसतो, कारण भाडेकरार झालेला नसतो. राहता राहिला मोबाईल. पत्र्याच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून मुले दारात, ओट्यावर बसून व्हिडिओ पाहतात आणि रात्री सगळे घरी परतले की टॉवरवर इतकी गर्दी होते की चित्र फिरतच राहते.

सरकारी भाषेत अशा वस्तीला 'अपुरी सेवा असलेला भाग' म्हणतात. हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर दूरचा डोंगर येतो. पण अपुरी सेवा कारखान्याच्या भिंतीलगतही असते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देते आहे. ती वीज आपल्या डोक्यावरून दूरदूर गेली आणि पालघरचे कित्येक पाडे वर्षानुवर्षे अंधारात राहिले. फायबरच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे नसेल तर आधी त्या पैशाची वाट समजून घ्यायला हवी.

पैसा येतो कुठून?

१ एप्रिल २००२ पासून देशात सार्वत्रिक सेवा निधीची व्यवस्था आहे. २००३ च्या कायद्याने तिला पक्का आधार दिला. टेलिफोन कंपन्यांनी आपल्या समायोजित उत्पन्नाचे ५ टक्के या निधीत भरायचे आणि जिथे धंदा परवडत नाही म्हणून कंपनी जात नाही, तिथे सरकारने या पैशातून सेवा पोहोचवायची, अशी ही योजना. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तिचे नाव 'डिजिटल भारत निधी' केले.

कंपन्या हा पैसा कुठून देतात? आपल्याकडूनच. तीनशे रुपयांचे रिचार्ज केले की जीएसटी वजा जाता ढोबळ हिशेबाने बारा-तेरा रुपये या निधीच्या वाट्याचे असतात. कामगार रिचार्ज करतो, घरकाम करणारी खाला रिचार्ज करते, मासळी विकणारी मावशी करते. सगळ्यांचे थेंब त्यात आहेत. म्हणून गावात आलेले सरकारी नेट ही कुणाची मेहेरबानी नाही, खैरात तर मुळीच नाही. आपण जमा केलेली ती अमानत आहे. अमानतीचा हिशेब मागणे म्हणजे भांडण नव्हे, हे आपल्या घरांत वेगळे समजावून सांगायला नको.

या निधीतली सर्वात मोठी योजना म्हणजे 'भारतनेट'. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तेव्हा तिचे नाव 'राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क' होते. दोन वर्षांत देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या, असा बेत होता. प्रत्यक्षात पहिला एक लाखाचा टप्पा पूर्ण व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र सरकारने 'महानेट' या नावाने काम स्वतः हाती घेतले. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने सुधारित भारतनेट योजना मंजूर केली, खर्च १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये. आता हे काम बीएसएनएलच्या देखरेखीखाली आहे. पाच वर्षांत ग्रामीण भागात दीड कोटी घरांना फायबर जोडणी द्यायची, हेही तिचे एक उद्दिष्ट आहे.

आकडा मोठा आहे. मग आपल्या ओट्यावर बसलेल्या मुलापर्यंत तो का पोहोचत नाही?

'सज्ज' आणि 'चालू'

याचे उत्तर तारेच्या रचनेत आहे आणि ते समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

ऑप्टिकल फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्यातून प्रकाशाच्या रूपात माहिती धावते. तालुक्याच्या केंद्रातून ही तार जमिनीखालून ग्रामपंचायतीपर्यंत येते. पंचायत कार्यालयात एक छोटे यंत्र बसते. ते तारेतला प्रकाश आपल्या संगणकाला किंवा वाय-फायला समजेल अशा रूपात बदलते. यंत्राचे दिवे लागले की कागदावर ती ग्रामपंचायत 'सेवेसाठी सज्ज' झाली. अशा सुमारे २ लाख १४ हजार ग्रामपंचायती देशात सज्ज झाल्याचे सरकारने २०२५ मध्ये सांगितले आहे.

पण सज्ज असणे वेगळे आणि चालू असणे वेगळे. दस्तरखान अंथरला म्हणजे जेवण वाढले असे होत नाही. यंत्राला वीज लागते. पंचायतीची वीज गेली आणि बॅटरी संपलेली असेल तर यंत्र बंद. कार्यालयाला पाच वाजता कुलूप लागले की त्या खोलीतले वाय-फायही आपल्यापुरते बंद. पहिल्या टप्प्यात खर्च वाचवण्यासाठी बीएसएनएलची जुनी तार जिथपर्यंत होती तिथपर्यंत तीच वापरली आणि उरलेल्या अंतरापुरतीच नवी टाकली. शिवाय रचना झाडाच्या फांद्यांसारखी होती. एक फांदी तुटली की तिच्यावरच्या सगळ्या पंचायती अंधारात. आपल्याकडे रस्ता रुंद करायला, पाण्याची पाइपलाइन टाकायला, गटार काढायला जेसीबी सतत चालू असतो. तार तुटायला असा किती वेळ लागणार?

सुधारित योजनेत हा दोष ओळखला आहे. नवी रचना अंगठीसारखी गोल आहे. एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट येत राहील. दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही योजनेतच आहे. ही चांगली सुधारणा आहे.

पण माझ्या मते सर्वात महत्त्वाचा शब्द त्या योजनेत आणखी एक आहे: 'मागणीनुसार'. ग्रामपंचायतीच्या मुख्यालयाबाहेरची सुमारे ३ लाख ८० हजार गावे मागणीनुसार जोडली जातील, असे त्यात म्हटले आहे. मागणी केली तर जोडणी. मग मागणी करायची कोणी? पाड्यावरच्या माणसाने, चाळीतल्या बाईने, शाळेच्या मुख्याध्यापकांनी. आणि ती करायची कुठे? ग्रामसभेत. ज्या वस्तीला ही योजना माहीतच नाही ती मागणी करणार नाही, आणि मागणी झाली नाही म्हणून कागदावर तिथे गरजही दिसणार नाही.

आपल्याहून ज्यांचे हाल जास्त आहेत

आपल्या तक्रारी मांडताना आपल्याच जिल्ह्याचा पूर्व भाग विसरून चालणार नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याच्या आठ तालुक्यांत वसईसारखे शहरी तालुकेही आहेत आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगडसारखे डोंगरी आदिवासी तालुकेही. सरावलीत रेंज येते-जाते. तिकडच्या काही पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्या मुलांचा अभ्यास अर्धा बुडाला, तिथल्या अनेक मुलांचा पूर्ण बुडाला.

अशा भागांसाठी वेगळ्या योजना आहेत. २७ जुलै २०२२ रोजी केंद्राने देशातल्या २४ हजार ६८० नेटवर्क नसलेल्या गावांत ४जी पोहोचवण्यासाठी २६ हजार ३१६ कोटी रुपये मंजूर केले. कातकरींसारख्या अतिमागास आदिवासी समूहांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात मोबाईल टॉवरचाही समावेश आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने उपग्रहाद्वारे इंटरनेट देण्यासाठी स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव ही नावे आली. पालघर नाही.

म्हणून आपल्या ग्रामसभेत हा विषय काढताना केवळ आपल्या मोहल्ल्यापुरते बोलू नये. शेजारच्या वारली पाड्याचे नाव त्याच ठरावात असावे. शेजाऱ्याच्या हक्काची आठवण आपल्याला दीनानेच शिकवली आहे आणि व्यवहारातही एका वस्तीच्या अर्जापेक्षा साऱ्या गावाच्या ठरावाला वजन असते.

तार आली, महिन्याचे बिल कोण भरणार?

समजा तार घरापर्यंत आली. तरी दर महिन्याचा प्रश्न उरतो. ज्या घरात महिनाअखेरीस दूध बंद करावे लागते, तिथे चार-पाचशे रुपयांचे नेट कसे टिकेल?

याबाबत जगाचा अनुभव पाहण्यासारखा आहे. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशानेही २०२१ च्या कायद्याने वंचित भागांत वेगवान इंटरनेट नेण्यासाठी ४२ अब्ज डॉलरहून अधिक अनुदान ठेवले. त्याचबरोबर गरीब कुटुंबांच्या मासिक बिलात ३० डॉलरपर्यंत सूट देणारी योजना चालवली. तिचा लाभ २ कोटी ३० लाख कुटुंबे घेत होती. पुढे पैसे संपले आणि १ जून २०२४ ला ती योजना बंद पडली. तार जागेवरच राहिली, पण सवलत गेल्यावर बिल भरण्याचा प्रश्न पुन्हा त्या घरांपुढे उभा राहिला.

आपल्या देशात केरळ सरकारने 'के-फोन' नावाचे स्वतःचे फायबर जाळे उभारले. ५ जून २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट होते, सुरुवात मात्र प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या १०० घरांपासून, म्हणजे एकूण १४ हजार घरांपासून झाली. वचन मोठे आणि सुरुवात लहान, हे तिथेही आहे. तरी राज्याने मनावर घेतले तर गरिबाच्या घरातले नेट हा सरकारी कामाचा भाग होऊ शकतो, एवढे त्यावरून दिसते.

प्रत्येक घरी जोडणी येईपर्यंत मधला मार्गही आहे. एकेकाळी गावात फोन एकच असायचा, किराणा दुकानात किंवा पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओत. तिथे जाऊन आपण गल्फमधल्या अब्बूंशी, भावाशी बोलायचो. त्याच धर्तीवर ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्राने 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. चहावाला, किराणावाला, झेरॉक्सवाला आपल्या दुकानात सार्वजनिक वाय-फाय ठेवू शकतो आणि लहान रकमेची पाकिटे विकू शकतो. त्यासाठी परवाना किंवा शुल्क लागत नाही. चाळीच्या तोंडावर असे एक दुकान असले तर पाच-दहा रुपयांत मुलाचा अभ्यास उतरवून घेता येईल. आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या होतकरू तरुणाने हे मनावर घ्यावे.

फोन घरात कोणाच्या हातात?

आता थोडे आपल्या घरात डोकावू. मागे एका विद्यार्थिनीच्या अम्मीने मला सांगितले, "टीचर, फोन एकच आहे, तो हिच्या अब्बूंकडे असतो. ते कंपनीत गेले की फोन गेटवर जमा होतो. ओटीपी तिकडे येतो आणि पोरगी इकडे वाट बघत बसते."

रासायनिक कारखान्यांत आत फोन नेऊ देत नाहीत, ते सुरक्षेसाठी योग्यच आहे. पण साऱ्या घराचे आधार, बँक, रेशन, शिष्यवृत्ती सगळे त्या एकाच नंबरला जोडलेले असते. दहा मिनिटांत जाणारा ओटीपी आणि आठ तासांची पाळी यांचा मेळ कसा बसणार? पंचायतीत फायबर आले तरी या घराचा प्रश्न त्याने सुटत नाही. तो घरातल्या निर्णयाने सुटेल. आईचा किंवा मोठ्या मुलीचा स्वतःचा नंबर असावा आणि तिच्या कागदपत्रांना तोच जोडलेला असावा.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७.१ टक्के होते आणि स्त्रिया फक्त ३३.३ टक्के. ही तफावत तारेमुळे नाही. एकाच घरात, एकाच टॉवरखाली राहणाऱ्या भाऊ-बहिणींतली ती तफावत आहे.

"मुलीच्या हाती फोन दिला तर ती बिघडेल," असे पालक मला सांगतात. त्यांची काळजी खोटी नाही. फोनवर वाईट गोष्टी आहेत, फसवणूकही आहे आणि त्या मुलांनाही तितक्याच बिघडवतात. पण काळजीचा उपाय बंदी नाही. केरळमध्ये कोळिकोडजवळच्या एका महाविद्यालयात फहीमा शिरीन ही मुलगी शिकत होती. वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन वापरायला बंदी घातली गेली. तिने ती मानली नाही म्हणून तिला वसतिगृह सोडावे लागले. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला परत प्रवेश मिळाला. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

खरे तर ज्या पालकांना काळजी वाटते त्यांनीच सार्वजनिक जोडणीसाठी सर्वात आधी आवाज उठवायला हवा. शाळेतला संगणक कक्ष, पंचायतीची अभ्यासिका, मदरशाची एखादी रिकामी खोली, जिथे मोठी माणसे असतात, पडदा सर्वांना दिसतो, तिथे बसून मुलगी शिकत असेल तर ते अंथरुणात लपवून पाहिलेल्या फोनपेक्षा कितीतरी चांगले. बालभारतीची पुस्तके मराठीत आणि उर्दूत मोफत उतरवून घेता येतात. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा' ॲपवरचे धडे उघडतात. ज्या गावात उर्दू माध्यमाला शिक्षक अपुरे आहेत तिथे याचे मोल फार आहे. पण २०२४-२५ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या ६३.५ टक्के शाळांतच इंटरनेट आहे. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेटमधून जोडण्याची घोषणा झाली आहे. आपल्या गावची शाळा त्यात आली का, हे विचारणारा पालक हवा.

तर करायचे काय?

पहिले, स्वतः जाऊन पाहा. ग्रामपंचायत कार्यालयात भारतनेट किंवा महानेटचे यंत्र बसले आहे का, त्याचे दिवे लागतात का, नेट शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्रापर्यंत गेले आहे का. त्यासाठी अर्ज लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

दुसरे, ग्रामसभेला जा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुधा त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी होतात. आपले बांधव गेले तरी मागे उभे राहतात आणि चहा झाला की निघतात. तसे न करता विषय आधी लेखी द्या, ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: पंचायतीतली जोडणी चालू ठेवणे, शाळेला आणि अभ्यासिकेला जोडणी देणे आणि 'मागणीनुसार' जोडायच्या पाड्यांची व चाळींची नावे.

तिसरे, आणि हे भगिनींसाठी. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. तिथे पुरुषांच्या गर्दीत उभे राहण्याची अडचण नाही. बचत गटातल्या चार जणी एकत्र गेल्या, वारली आणि मांगेला शेजारणींना सोबत घेतले, तर कोणी दुर्लक्ष करू शकत नाही.

चौथे, उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडे, अर्ज द्या. यंत्र कधी बसले, गेल्या वर्षात किती दिवस बंद होते, दुरुस्तीसाठी कोणाला कळवले, एवढे तीन प्रश्न पुरेत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

पाचवे, जमातीच्या जबाबदार मंडळींना विनंती. रमजानमध्ये आपण इफ्तारवर खुल्या हाताने खर्च करतो, अल्लाह तो कबूल करो. त्यातला थोडा भाग काढून एक जोडणी, दोन जुने संगणक आणि संध्याकाळी दोन तास बसणारा एक पदवीधर तरुण, एवढी सोय केली तर मोहल्ल्यातल्या मुलांचे फॉर्म तिथेच भरले जातील. फॉर्म भरणाऱ्या दुकानांत एका अर्जाला वाटेल तेवढे पैसे घेतले जातात, तेही वाचतील. मुले-मुली कोणत्याही जातीधर्माची असोत, दार सर्वांना उघडे असावे.

आणि सर्वांसाठी एक सूचना. फॉर्म कोणाकडूनही भरून घ्या, पण ओटीपी फोनवर विचारणाऱ्या अनोळखी माणसाला सांगू नका आणि आधारकार्डाची झेरॉक्स दुकानात सोडून येऊ नका. आपल्या पासवर्डची वही घरात आपल्याच हाताने लिहिलेली असावी.

रस्ता, नळ, शाळा यांपैकी काहीही आपल्या गावांत मागितल्याशिवाय आलेले नाही. नेटचेही तसेच आहे. पैसा मंजूर आहे, योजना कागदावर आहे, मागणीची जागा रिकामी आहे. पुढच्या ग्रामसभेच्या नोटिशीकडे लक्ष ठेवा आणि आपल्या गावात यंत्र चालू आहे की बंद, ते या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवा. आपली पत्रे इथे छापली जातील.